वरच्या थराखाली झाकलेला प्रश्नसंच : नागपूरच्या एका अभ्यासिकेतलं ओव्हरले प्रकरण

नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर सोळा संगणकांची खोली आहे. खाली वाचनाचा हॉल, वर सराव परीक्षा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून येऊन नागपुरात खोली करून राहणारी मुलं-मुली इथं तयारी करतात. तलाठी भरतीची २०२३ ची परीक्षा संगणकावर झाली. त्यामुळे पडद्यावर प्रश्न वाचायचा, माउसनं पर्याय निवडायचा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, हा सराव आता चैनीचा राहिलेला नाही. ही खोली चालणं त्या मुलांसाठी फार महत्त्वाचं आहे.

संगणक सीताबर्डीहून जुने घेतलेले, प्रत्येकात ४ जीबी रॅम. वर टिनाचं छत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा त्या खोलीतल्या जुन्या हार्ड डिस्क एकामागून एक बंद पडल्या. मग व्यवस्थापक काकांनी आणि तिथल्या एका हुशार मुलाने डिस्कचा नादच सोडला. एक सर्व्हर घेतला, आणि बारा संगणक विनाडिस्क, थेट नेटवर्कवरून सुरू होऊ लागले. उरलेल्या चारांना प्रिंटर जोडलेले आहेत, म्हणून त्यांच्यात छोटी एसएसडी बसवली.

मांडणी अशी. सर्व्हरवर दोन गोष्टी ठेवलेल्या. पहिली म्हणजे डेबियन लिनक्सची मूळ प्रणाली, स्क्वॉशएफएसच्या दाबून बसवलेल्या प्रतिमेत, म्हणजे अख्खी प्रणाली सामावणाऱ्या एकाच फाईलमध्ये. हा प्रकार मुळातच फक्त वाचायचा. दुसरी म्हणजे अभ्याससाहित्य: पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका आणि सराव परीक्षेचा प्रश्नसंच. हे एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटायच्या पद्धतीने, तेही फक्त वाचण्यासाठी. प्रत्येक संगणक सुरू होताना हे दोन थर खाली अंथरतो, त्यांच्यावर लिहिता येण्याजोगा आपला एक थर ठेवतो, आणि तिन्ही मिळून डिरेक्टऱ्यांचा, म्हणजे फोल्डरांचा, एकच वृक्ष वापरणाऱ्याला दाखवतो. हे काम लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातली, ओव्हरलेएफएस करते. बारा संगणकांत वरचा थर रॅममध्ये, म्हणजे संगणक बंद केला की पुसला गेला. चारांत तो एसएसडीवर, म्हणजे टिकणारा.

योजना चांगली आहे, आणि आजही मी ती चांगलीच म्हणेन. कमी खर्चात, जुन्या यंत्रांवर, कुणी काहीही बिघडवलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं कोरं. तरीही तीन तक्रारी आल्या, आणि त्या एकमेकींशी संबंधित असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पहिली तक्रार बारा संगणकांची. सकाळी सराव परीक्षा सुरू केली की पहिली काही मिनिटं सगळे रेंगाळत. मग परीक्षा चालू होई, पण मध्येच कुणी ब्राउझर उघडला की काही संगणक गोठत. बंद करून पुन्हा सुरू केले की ठीक, पुढच्या परीक्षेपर्यंत.

दुसरी तक्रार चार प्रिंटरवाल्या संगणकांची. प्रश्नसंचातली काही चुकीची उत्तरं सर्व्हरवर दुरुस्त केली होती. बारा संगणकांवर दुरुस्ती दिसली, या चारांवर नाही. हे पकडलं एका उमेदवार मुलीने. ती काकांना म्हणाली, "काका, तिकडच्या कॉम्प्युटरवर हेच उत्तर बरोबर दाखवून राहिलं, अन् इकडं चूक काऊन?" चुकीच्या उत्तरावर तयारी करणं म्हणजे परीक्षेत गुण गमावणं, तेव्हा हा प्रश्न तिच्यासाठी तांत्रिक नव्हता.

तिसरी तक्रार त्या चारांपैकी एकाचीच. चालू घडामोडींच्या फोल्डरमध्ये सर्व्हरवर दर महिन्याला नव्या पीडीएफ पडत. बाकी पंधरा ठिकाणी त्या दिसत. या एका ठिकाणी फोल्डर होतं, त्यात दोन-तीन फायलीही होत्या, पण नवं काही येत नव्हतं.

तर्क आणि एक पुरावा

पहिल्या तक्रारीचं खापर नेटवर्कच्या स्विचवर फुटलं होतं, नव्याचा भावही विचारून झाला होता. दुसरीबद्दल सराव परीक्षेचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाचं म्हणणं, कुठेतरी कॅश, म्हणजे झटपट वापरासाठी साठवलेली जुनी प्रत, अडकली असणार. तिसरीसाठी व्हायरस.

काकांनी मात्र स्वतःच एक उपाय करून पाहिला होता. दुरुस्त केलेला प्रश्नसंच त्यांनी सर्व्हरवर वेगळ्या नावाने ठेवला आणि प्रोग्रामला ते नाव दिलं. लगेच चारही संगणकांवर दुरुस्त उत्तरं आली. पुढची दुरुस्ती त्यांनी त्याच नव्या नावाच्या फाईलमध्ये केली, आणि ती पुन्हा दिसेना. काका वैतागले होते, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच होता. फाईल नवी असून चालत नव्हतं, नाव नवं असावं लागत होतं. कॅशचं वागणं सहसा असं नसतं. ओव्हरलेचं नेमकं असंच असतं.

दुसरा पुरावा रीस्टार्टचा. बारा संगणक रीस्टार्ट केले की दुखणं तात्पुरतं जातं, चार रीस्टार्ट केले तरी जात नाही. बारांचा वरचा थर रॅममध्ये, चारांचा एसएसडीवर. म्हणजे दुखणं वरच्या थरात साठतंय.

एकत्र दिसतं ते कुठेच ठेवलेलं नसतं

इथे थोडं थांबून यंत्रणा नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

अनेक डिरेक्टऱ्या एकावर एक ठेवून एकच दृश्य दाखवायची कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ मध्ये ती होती, ४.४ बीएसडीमध्ये होती. लिनक्सवर आधी स्टोनी ब्रुक विद्यापीठातली युनियनएफएस, मग एयूएफएस आली. दोन्ही खूप वापरल्या गेल्या, पण मुख्य कर्नलमध्ये गेल्या नाहीत. मिक्लोश सेरेदी यांची ओव्हरलेएफएस डिसेंबर २०१४ मध्ये कर्नल ३.१८ मधून आत आली. ४.० पासून खाली एकाहून अधिक थर ठेवता येऊ लागले, आणि अभ्यासिकेची मांडणी त्यामुळेच शक्य झाली.

नियम थोडके आहेत. एखादं नाव मागितलं की शोध वरून खाली जातो. त्या नावाची फाईल ज्या थरात पहिल्यांदा सापडली, तिथलीच फाईल मिळते. खालच्या थरांत त्याच नावाचं काय आहे ते विचारलंच जात नाही. नाव डिरेक्टरीचं निघालं तर मात्र शोध खाली चालूच राहतो, सगळ्या थरांतल्या त्या नावाच्या डिरेक्टऱ्या गोळा होतात, आणि आतल्या नावांची यादी दुहेरी नावं गाळून एकत्र दाखवली जाते. एकत्रीकरण होतं ते एवढंच: डिरेक्टरीतल्या नावांचं. फाईलच्या आतल्या मजकुराचं कधीच होत नाही.

याला पुष्कळ जण एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद म्हणून समजावतात. ती उपमा डिरेक्टरीपुरती खरी आहे. फाईलला लावली की ती फसवते. पारदर्शक कागदावर एक ओळ खोडली तरी बाकीचा खालचा मजकूर दिसत राहतो. ओव्हरलेत वरच्या थरात फाईल आली की ती पूर्ण अपारदर्शक असते. खालच्या फाईलमध्ये नंतर हजार दुरुस्त्या झाल्या तरी त्यातली एकही वर झिरपत नाही.

मग खालच्या फाईलमध्ये लिहायचं झालं तर? खालचा थर फक्त वाचायचा. म्हणून ओव्हरलेएफएस ती अख्खी फाईल वरच्या थरात नकलून घेते आणि लिखाण त्या नकलेवर होतं. याला कॉपी-अप म्हणतात. नक्कल अर्धवट दिसू नये म्हणून ती आधी वर्क नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत तयार होते आणि पूर्ण झाल्यावर एका झटक्यात जागेवर सरकवली जाते. वर्क आणि वरचा थर एकाच फाईल सिस्टिमवर असावे लागतात, ते याचसाठी.

या प्रकरणाची किल्ली मात्र आणखी बारीक आहे. कॉपी-अप लिहिताना होत नाही, लिहिण्याच्या परवानगीने फाईल उघडताना होतं. पुढे एक अक्षरही लिहिलं नाही तरी नक्कल झालेली असते. कर्नलच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: फाईल वाचन-लेखनासाठी उघडली पण बदलली नाही, तर ही नक्कल अनावश्यक ठरू शकते.

प्रश्नसंच वर कसा गेला

एका विनाडिस्क संगणकावर परीक्षा सुरू करायच्या आधी वरच्या थराचा आकार पाहिला: किरकोळ. परीक्षा सुरू केली, पुन्हा पाहिला: सुमारे १.८ जीबी. आत एकच मोठी फाईल, प्रश्नसंच. आकृत्या आणि नकाशांसकट तो तेवढ्याच आकाराचा आहे.

प्रोग्राम लिहिणारा मुलगा शपथेवर सांगत होता, "दादा, मी त्यात काहीच लिहत नाही, फक्त प्रश्न वाचतो." तो खरंच बोलत होता. प्रोग्राम कर्नलला काय काय हाका मारतो ते दाखवणारं एसट्रेस लावून पाहिलं, तर फाईल वाचन-लेखनाच्या परवानगीने उघडली जात होती, आणि लेखनाची एकही हाक नव्हती. प्रश्नसंच एसक्यूलाइटचा, म्हणजे सगळा डेटा एकाच फाईलमध्ये ठेवणाऱ्या प्रणालीचा, डेटाबेस आहे, आणि एसक्यूलाइटला वेगळं सांगितलं नाही तर ती डेटाबेस फाईल वाचन-लेखनासाठीच उघडते. साध्या डिस्कवर याचा काही तोटा नाही. ओव्हरलेवर याची किंमत १.८ जीबी.

आता हिशेब मांडा. बारा संगणक एकाच वेळी परीक्षा सुरू करतात. बारा गुणिले १.८ म्हणजे २१.६ जीबी, सगळं सर्व्हरच्या एका गिगाबिट तारेतून. प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे सव्वातीन मिनिटं तार पूर्ण भरलेली. स्विच बिचारा निर्दोष होता. वर ही नक्कल पडते रॅममध्ये. रॅममध्येच फायली ठेवणारी टीएमपीएफएस ही फाईल सिस्टिम, मर्यादा सांगितली नाही तर, एकूण रॅमच्या निम्मी जागा घेऊ शकते, इथे २ जीबी. त्यातली १.८ एका फाईलने खाल्ली. ४ जीबीच्या संगणकात, स्वॅपशिवाय (म्हणजे रॅम भरली तर डिस्कवर सरकवायची सोय नसताना), उरलेल्या रॅममध्ये प्रणाली, परीक्षेचा प्रोग्राम आणि वर ब्राउझर. गोठणारच.

पण सगळे का गोठत नव्हते? यात एक उलटं वाटणारं उत्तर निघालं. जे संगणक सकाळपासून ब्राउझरसाठी वापरले गेले होते, ज्यांचा वरचा थर आधीच बराच भरला होता, ते परीक्षेत नीट चालत होते. जागा जास्त असलेले अडकत होते. कारण असं: जागा अपुरी असेल तर कॉपी-अप मध्येच फसतं आणि फाईल उघडण्याची हाक 'जागा नाही' म्हणून परत येते. एसक्यूलाइटमध्ये अशा वेळेची सोय आहे. वाचन-लेखनासाठी उघडता आलं नाही तर ती तीच फाईल फक्त वाचनासाठी उघडून पाहते. तेव्हा कॉपी-अप लागतच नाही, फाईल खालच्या थरातून थेट वाचली जाते. अर्धवट नक्कल टाकून दिली जाते आणि रॅम मोकळी होते.

हे कळलं तेव्हा प्रकरणाचा गाभा हातात आला. एसक्यूलाइट 'नाही' ऐकायला तयार होती. खालचा थर फक्त वाचायचा आहे, हे तिला कळलं असतं तर ती निमूट वाचत बसली असती. पण ओव्हरले कधी नाही म्हणतच नाही. खालचं सगळं लिहिता येतं असा भास निर्माण करणं हेच तिचं काम, आणि ते तिने चोख केलं. सर्व्हरवर 'फक्त वाचन' अशी पाटी लावून काकांना वाटलं होतं की प्रश्नसंच सुरक्षित आहे. सर्व्हरवरचा होताच. पण ती पाटी वरच्या थरातून पलीकडे दिसत नाही.

दुसरी तक्रार आता वेगळी उरत नाही. चार संगणकांवरही हेच होत होतं, फक्त नक्कल एसएसडीवर पडत होती. एसएसडीवर जागा भरपूर, म्हणून गोठणं नाही, तक्रारही नाही. पहिल्या परीक्षेच्या दिवशी प्रश्नसंच वर नकलला गेला आणि त्या दिवसापासून ते चार संगणक त्या दिवशीच्या प्रश्नसंचावर थांबले. सर्व्हरवर दुरुस्त्या होत राहिल्या, वरची फाईल त्यांना झाकत राहिली. काकांनी नाव बदललं तेव्हा वर त्या नावाचं कुणी नव्हतं, म्हणून खालचं दिसलं; प्रोग्रामने ते एकदा उघडलं आणि तेही वर जाऊन बसलं. एकच कारण. रॅमवर ते गोठणं होऊन दिसलं, एसएसडीवर शिळं उत्तर होऊन.

फाईलची तारीख इथे दिशाभूल करते. कॉपी-अप करताना ओव्हरलेएफएस मालक, परवानग्या आणि शेवटच्या बदलाची वेळ जशीच्या तशी नेते. त्यामुळे वरच्या नकलेवर मूळ फाईलचीच जुनी तारीख होती, आणि पाहणाऱ्याला वाटे की हिला कुणी हात लावलेला नाही. आयनोड, म्हणजे फाईलची स्वतःची नोंद, बदलल्याची जी आणखी एक वेळ असते ती मात्र अशी नेता येत नाही. ती पाहिली आणि नक्कल कधी झाली ते कळलं: सकाळी, परीक्षेच्या वेळी.

वरचे थर उघडून बसलोच होतो, तर एक तक्रार न झालेली गोष्टही सापडली, आणि मला ती जास्त काळजीची वाटते. चारांपैकी एकावर कुणीतरी मराठी फॉन्टचं पॅकेज तिथल्या तिथे बसवलं होतं. डेबियनमध्ये कोणती पॅकेजं कोणत्या आवृत्तीची बसली आहेत याची यादी डीपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या एका फाईलमध्ये असते. पॅकेज बसवताना ती फाईल वर नकलली गेली. नंतर सर्व्हरवर मूळ प्रणाली अद्ययावत झाली, नवी प्रतिमा आली. त्या संगणकावर प्रोग्राम नवे आले, कारण ते खालच्या थरातून येतात. यादी मात्र जुनीच राहिली, कारण ती वर बसली होती. म्हणजे संगणक स्वतःबद्दलच चुकीची माहिती देत होता. त्या यादीवर विश्वासून आणखी एखादं पॅकेज बसवलं असतं, तर कुठे काय मोडलं असतं ते शोधणं कठीण झालं असतं. टिकणारा वरचा थर ठेवून खालची प्रणाली बदलत राहायची, यातला खरा धोका हा आहे. प्रश्नसंचाचं दुखणं निदान दिसलं; हा धोका गुपचूप राहतो.

हरवलेल्या पीडीएफ

तिसऱ्या तक्रारीचं कारण वेगळं होतं, पण घराणं तेच.

खालच्या थरातली वस्तू पुसता येत नाही, मग 'डिलीट' केल्यावर ती जाते कशी? जात नाही. ओव्हरलेएफएस वरच्या थरात त्याच नावाची एक खूण ठेवते, तिला व्हाइटआउट म्हणतात. ती शून्य-शून्य क्रमांकाची कॅरेक्टर डिव्हाइस फाईल असते. शोध वरून येताना ही खूण लागली की 'असं काही नाही' असं उत्तर मिळतं. एकत्र दृश्यात खूण दिसत नाही, वरचा थर थेट उघडला तरच दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला डिस्क बिघडल्यासारखं वाटतं. प्रोग्राम थराथरांच्या प्रतिमेत बांधून चालवणारं डॉकर वापरणाऱ्यांना याचाच दुसरा अनुभव येतो: एका थरात घातलेली मोठी फाईल पुढच्या थरात पुसली तरी प्रतिमेचा आकार कमी होत नाही, कारण खाली ती तशीच असते, वर फक्त खूण पडते.

आता फोल्डरचं. कुणा उमेदवाराने आपल्या सोयीसाठी चालू घडामोडींचं अख्खं फोल्डर पुसलं, मग त्याच नावाचं नवं फोल्डर करून त्यात आपल्या निवडक फायली ठेवल्या. पुसलं आणि पुन्हा केलं, म्हणजे नवं फोल्डर रिकामं दिसायला हवं. खालच्या जुन्या फायली त्यात डोकावू लागल्या तर ते चूक ठरेल. म्हणून अशा फोल्डरला ओव्हरलेएफएस अपारदर्शक करते. त्याच्यावर एक विस्तारित गुणधर्म, म्हणजे नाव असलेली छोटी नोंद, चिकटवते, आणि शोध तिथेच थांबतो, खाली जात नाही. त्यानंतर सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये काहीही आलं तरी या संगणकाला ते दिसणार नाही. यंत्रणा अगदी बरोबर वागत होती. त्या उमेदवाराने मागितलं तेच तिने दिलं, फक्त त्या खुर्चीवर पुढे बसणाऱ्या प्रत्येकाला दिलं.

हा गुणधर्म शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. तो 'ट्रस्टेड' या नामगटात असतो, म्हणून रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराशिवाय दिसत नाही. शिवाय गेटएफएटीटीआर ही आज्ञा काही सांगितलं नाही तर फक्त 'यूजर' गटातले गुणधर्म दाखवते. सगळे नामगट दाखव असं तिला स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर रिकामं उत्तर येतं आणि माणूस चुकीच्या दिशेने निघतो.

काय केलं, काय टाळलं

सगळ्यात सोपा मोह होता तो चालू संगणकावरच वरच्या थरात शिरून ती फाईल आणि ते फोल्डर उडवून द्यायचा. तो टाळला. माउंट असताना, म्हणजे थर जोडून वापरात असताना, वरचा किंवा खालचा थर बाहेरून बदलला तर पुढे काय दिसेल याची ओव्हरलेएफएस हमी देत नाही. यंत्र कोसळत नाही, पण कर्नलच्या लेखी वर्तन अनिश्चित. साफसफाई आधी अनमाउंट करून केली.

प्रश्नसंच ओव्हरलेतून बाहेर काढला. आता तो आपल्या स्वतंत्र जागी, एनएफएसवरून थेट, फक्त वाचनासाठी माउंट होतो. त्याच्यावर कुठलाच थर नाही. वाचन-लेखनासाठी उघडायचा प्रयत्न झाला तर खरोखरीचं 'नाही' मिळतं, आणि एसक्यूलाइट मुकाट वाचनावर येते. प्रोग्राममध्ये काही न बदलताही एवढ्याने काम भागलं असतं. तरी त्या मुलाने प्रोग्रामही बदलला: डेटाबेस उघडतानाच 'फक्त वाचन' असं सांगतो. दोन्ही ठेवावं असं मला वाटलं, कारण उद्या हाच प्रश्नसंच दुसरा एखादा प्रोग्राम उघडेल, आणि त्याचा लेखक एवढा जागरूक असेलच असं नाही. उमेदवारांची उत्तरं आधीपासूनच वेगळ्या छोट्या फाईलमध्ये जात होती, ती तशीच राहिली.

एसक्यूलाइटमध्ये 'ही फाईल कधीच बदलणार नाही' असं सांगायचा आणखी एक पर्याय आहे, त्याने कुलपं लावायचाही खर्च वाचतो. मुलाला तो हवा होता. पण फाईल चालू असताना बदलली तर त्या पर्यायाखाली चुकीची उत्तरं येऊ शकतात, आणि या खोलीत चुकीचं उत्तर हीच मूळ तक्रार होती. तेव्हा आधी बदल करायची पद्धत बदलली. सर्व्हरवर जागच्या जागी दुरुस्ती बंद. प्रत्येक दुरुस्त प्रश्नसंच आणि प्रत्येक महिन्याचं साहित्य नव्या डिरेक्टरीत पूर्ण तयार होतं, आणि संगणक सुरू होताना सर्वांत नवी डिरेक्टरी निवडतो. दिवसा दुरुस्ती केली तरी चालू संगणकांच्या पायाखालचं काही हलत नाही. त्यांना ती पुढच्या वेळी सुरू होताना मिळते. ही शिस्त बसल्यावर तो पर्यायही वापरायला दिला.

चार संगणकांच्या टिकणाऱ्या थराबद्दल बरीच चर्चा झाली. एक मत असं की थरावर मूळ प्रणालीच्या आवृत्तीची नोंद ठेवावी, आणि प्रणाली बदलली की तो सुरुवातीलाच रिकामा करावा. हे चाललं असतं. पण मी काकांना विचारलं, या थरात टिकायला हवं असं नेमकं काय आहे? यादी केली तर प्रिंटरच्या सेटिंगची एक डिरेक्टरी निघाली, बाकी काही नाही. तेवढ्यासाठी अख्खा वृक्ष टिकवायचा म्हणजे नको ते सगळं टिकवायचं. आता सोळाही संगणकांचा वरचा थर रॅममध्ये आहे, आणि चारांत फक्त ती एक डिरेक्टरी एसएसडीवरून आपल्या जागी जोडली जाते. मराठी फॉन्टचं पॅकेज मूळ प्रतिमेत घातलं, म्हणजे ते सगळ्यांनाच मिळालं. ते आधीच व्हायला हवं होतं, कारण कुणाला तरी त्याची गरज होती म्हणूनच ते बसवलं गेलं.

निवडक पीडीएफ जपून ठेवणाऱ्या उमेदवाराची गरजही खरी होती. संगणक रोज कोरा होणार असेल तर त्या ठेवायच्या कुठे? सर्व्हरवर प्रत्येकासाठी थोडी जागा काढली, लॉगिन केल्यावर ती समोर येते. तिच्यावरही ओव्हरले नाही.

जुन्या प्रश्नसंचांच्या डिरेक्टऱ्या सर्व्हरवर साठत जातात, तेवढं एक काम वाढलं आहे. ज्या डिरेक्टरीवरून एखादा संगणक अजून चालू असेल ती उडवून चालत नाही. काका रात्री खोली बंद करताना सगळे संगणक बंद झाल्याची खात्री करतात, आणि शेवटच्या दोन सोडून बाकीच्या डिरेक्टऱ्या तेव्हाच काढून टाकतात.